फॉन्ट बदलून भागत नाही

एखादं संकेतस्थळ किंवा पाठ्यपुस्तक डिस्लेक्सिया असलेल्या वाचकांना सोयीचं करायचं ठरलं, की बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो: फॉन्ट कुठला घ्यायचा? प्रश्न सोपा, उत्तर फुकट मिळणारं आणि काम संध्याकाळपर्यंत संपणारं. म्हणूनच तो इतका लोकप्रिय असावा.

या फॉन्टांची गोष्ट आधी उरकून घेऊ. ख्रिस्तियान बूर या स्वतः डिस्लेक्सिया असलेल्या डच आरेखनकाराने २००८ मध्ये 'डिस्लेक्सी' नावाचा फॉन्ट काढला. पाठोपाठ २०११ मध्ये 'ओपनडिस्लेक्सिक' आला, तोही मोफत. दोघांमागची कल्पना एकच. रोमन अक्षरांचा तळ जड केला की ती डोळ्यांसमोर उलटीपालटी होणार नाहीत, बी आणि डी यांची गल्लत टळेल. कल्पना पटण्यासारखी होती, म्हणून जगभर पसरली. तपासण्या मात्र निराश करणाऱ्या निघाल्या. २०१६ च्या एका अभ्यासात 'डिस्लेक्सी'ने वाचनाचा वेग थोडा वाढलेला दिसला. पण साध्या एरियल फॉन्टमध्ये अक्षरांतलं आणि शब्दांतलं अंतर तेवढंच वाढवल्यावर फरक नाहीसा झाला. म्हणजे उपयोग झाला तो मोकळ्या जागेचा. अमेरिकेत २०१७ मध्ये 'ओपनडिस्लेक्सिक' तपासला गेला, तेव्हा वेग आणि अचूकता दोन्ही होती तिथेच राहिली. २०१८ च्या डच अभ्यासातही 'डिस्लेक्सी'चा फायदा आढळला नाही. कुणाला तो फॉन्ट आवडत असेल तर त्याने जरूर वापरावा, त्यात नुकसान काही नाही. पण संस्थेने फॉन्ट बदलला आणि सुगम्यतेच्या रकान्यात बरोबरची खूण केली, तर ती स्वतःची समजूत काढण्यापलीकडे जात नाही.

देवनागरीत तर या युक्तीला जागाच नाही. आपली अक्षरं तळावर उभी राहत नाहीत, शिरोरेषेला टांगलेली असतात. तळ जड करून काय साधणार? आपल्याकडचे घोटाळेही वेगळे: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, आणि सुटा लिहिलेला 'ख' जो घाईत 'रव' वाचला जातो. ही गल्लत पहिली-दुसरीत बहुतेक मुलांची होते आणि पुढे सुटते. डिस्लेक्सियाचं मूळ मुख्यतः दुसरीकडे आहे. 'तारे जमीन पर' (२००७) मुळे हा शब्द घराघरांत पोहोचला हे त्या चित्रपटाचं ऋणच आहे, पण नाचणाऱ्या अक्षरांचं चित्रही त्याच्याबरोबर मनात बसलं. संशोधनात ज्यावर सर्वाधिक एकमत आहे ते स्पष्टीकरण ध्वनीचं आहे. बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडणं आणि त्या ध्वनींची चिन्हांशी झटपट सांगड घालणं या मुलांना जड जातं. बुद्धीचा, डोळ्यांच्या नंबराचा किंवा आळसाचा याच्याशी संबंध नसतो. रंगीत चष्मे आणि रंगीत पारदर्शक पट्ट्या यांना शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितलं आहे, ते याच कारणाने.

मग उरतं काय? बरंच उरतं, आणि त्यातलं बहुतेक मराठीसाठी नव्याने विचार करून घ्यावं लागतं. सुगम्यतेचे जे नियम आपण उचलतो ते रोमन लिपी आणि इंग्रजी भाषा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत.

मोकळ्या जागेचंच घ्या. २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच बोलणाऱ्या डिस्लेक्सिया असलेल्या ७४ मुलांवर एक अभ्यास झाला. अक्षरांतलं अंतर ठळकपणे वाढवल्यावर कसलाही सराव न देता त्यांच्या चुका घटल्या आणि वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. संकेतस्थळांसाठीची 'डब्ल्यूसीएजी' ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही मोकळ्या जागेची काळजी घेतात. त्यांच्या २०१८ च्या २.१ आवृत्तीनुसार वाचकाने ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट, परिच्छेदांतलं दुप्पट, अक्षरांतलं ०.१२ पट आणि शब्दांतलं ०.१६ पट केलं, तरी पान मोडता कामा नये, मजकूर कापला जाता कामा नये. आता हाच अक्षरांतल्या अंतराचा आकडा मराठी मजकुराला लावून पाहा. शिरोरेषा तुटते. 'महाराष्ट्र' हा एक शब्द न राहता चार सुटे तुकडे होतात, आणि शब्द कुठे संपला हे सांगणारी आपली सर्वांत भरवशाची खूण हातची जाते. नियम लिहिणाऱ्यांना याची कल्पना होती. एखाद्या लिपीत जे अंतर वापरलंच जात नाही, त्याची सक्ती तिला नाही, अशी सूट तिथेच दिली आहे. मराठी पानं बनवणाऱ्यांनी ती ओळ वाचलेली असते का, याविषयी मला दाट शंका आहे.

देवनागरीला हवा असतो तो वर-खालचा मोकळेपणा. रफार, अनुस्वार, मात्रा, वेलांटीचा फाटा हे सगळं वर; उकार, ऋकार, मोडलेले पाय खाली. ओळी दाटीने बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला भिडतो. वर-खाली एवढं सामान मावायचं असल्यामुळे त्याच मापाचं देवनागरी अक्षर रोमनपेक्षा दिसायलाही लहान असतं. इंग्रजी पानाचं माप तसंच ठेवून मराठी पान केलं की ते बारीक दिसतं ते यामुळे. म्हणून मराठीसाठी क्रम असा लावावा: आधी आकार वाढवा, मग ओळींतलं अंतर, मग शब्दांतलं. अक्षरांना हात लावू नका. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या सूचनांतल्या दोन गोष्टी मात्र आपल्याला जशाच्या तशा चालतात. मजकुराची फक्त डावी कड सरळ ठेवावी आणि अधोरेखन टाळावं. अधोरेखन तर आपल्याकडे सरळ उकारांवरून जातं. दोन्ही कडा सरळ करण्याच्या हौसेपायी आपली मासिकं अरुंद रकान्यांत शब्दाशब्दांत खड्डे पाडतात आणि अडखळणारी नजर नेमकी तिथेच घसरते. फिकट पिवळसर पार्श्वभूमीचाही आग्रह धरला जातो. काहींना ती बरी वाटते, काहींना नाही; पान वाचकाला रंग बदलू देत असेल तर वाद मिटतो.

पण लिपीच्या मांडणीपेक्षाही गंभीर प्रश्न लिपीच्या रचनेत आणि मराठीच्या व्याकरणात आहे. 'मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, मग डिस्लेक्सिया कसला?' हे वाक्य शिक्षकांच्या तोंडूनही ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उच्चार आणि लेखन यांचं नातं सरळ असलेल्या भाषांत या मुलांच्या वाचनातल्या चुका कमी असतात, हे इटालियनवरच्या संशोधनातून दिसलं आहे. मात्र त्यांचं वाचन संथ राहतं. चुका मोजणाऱ्या शिक्षकाला अशी अडचण दिसतच नाही. मूल बरोबर वाचतं, फक्त बाकीचा वर्ग तोवर दुसऱ्या पानावर गेलेला असतो. त्यातच आपल्याला शिकायची चिन्हं २६ नसून शेकड्यांत आहेत: व्यंजनं, त्यांची बाराखडी, वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांच्या कानडीवरच्या अभ्यासात असं दिसलं, की अक्षरओळख पहिलीत संपत नाही, ती चौथीपर्यंत आणि त्याही पुढे चालू राहते. आपल्या अभ्यासक्रमात मात्र मुळाक्षरं, बाराखडी आणि जोडाक्षरं पहिल्या दोन वर्षांत 'झाली' असं धरलं जातं.

पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कागदावर आधी. 'स्थिती' लिहिताना तर ती स आणि थ दोघांना ओलांडून पुढे जाऊन बसते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या प्रयोगांत अशी उलटी बसणारी वेलांटी असलेल्या शब्दांना जास्त वेळ लागल्याचं आढळलं. रफाराची तीच कथा: 'सूर्य' म्हणताना र आधी, पण दिसतो य च्या डोक्यावर. एकट्या र ची रूपं पाहा: सूर्य, चक्र, राष्ट्र, आणि खास आपला 'दुसऱ्या'तला. ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालणं हीच ज्याची अडचण, त्याच्यापुढे एका ध्वनीचे चार वेश.

आता 'विद्यार्थ्यांसाठीच्या' हा शब्द घ्या. शाळेच्या कुठल्याही सूचनाफलकावर तो सापडेल. हिंदीत 'के लिए' सुटं लिहितात. मराठीत शब्दयोगी अव्यय चिकटतं, त्यावर 'च्या' चढतो, आणि मूळ 'विद्यार्थी'चं सामान्यरूप होऊन 'विद्यार्थ्यां' झालेलं असतं. मुलाला 'विद्यार्थी' हा शब्द चित्रासारखा पाठ असला तरी इथे तो ओळखू येत नाही. द्य हे जोडाक्षर, थ्य हे जोडाक्षर, त्याच्यावरच रफार आणि अनुस्वार, पुढे ठ ची दुसरी वेलांटी, शेवटी च्य. अक्षरं सहा, पण उलगडायच्या गोष्टी दुप्पट. सराईत वाचक हे एका नजरेत उचलतो. हे मूल मध्यावर पोहोचेतो सुरुवात विसरतं आणि मग शेवट अंदाजाने म्हणतं. 'विद्यार्थ्यांसाठीच्या सूचना' ऐवजी 'सूचना: विद्यार्थी' लिहिता येतं. 'विद्यार्थ्यांनी ओळखपत्राशिवाय येऊ नये' ऐवजी 'ओळखपत्र घेऊन या' लिहिता येतं. सोप्या भाषेविषयी इंग्रजीतले सल्ले लहान वाक्यं लिहा असं सांगतात. मराठीत लहान वाक्याइतकाच लहान शब्द महत्त्वाचा आहे, आणि तो लहान करण्याचा मार्ग बहुतेक वेळा प्रत्यय कमी करण्यातून जातो. 'उपरोक्त विषयान्वये' आणि 'सदरहू' यांची बाजू तर डिस्लेक्सिया नसलेल्यांनीही घेऊ नये.

लिहिण्याची बाजू आणखी वाईट. ऱ्हस्व-दीर्घातला फरक आज बहुतेक मराठी माणसांच्या उच्चारात ऐकू येत नाही. तरी १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये भर घातलेले ४, असे एकूण १८ नियम शुद्धलेखन ठरवतात. कानाला न ऐकू येणारा फरक हाताने दाखवायचा तर आधार फक्त पाठांतराचा. जोडाक्षरांचंही एक उदाहरण बोलकं आहे. बालभारतीच्या पुस्तकांत 'विद्‌यार्थी', 'शुद्‌ध' अशी पाय मोडून केलेली लेखनं अनेकांनी पाहिली असतील. अनेकांना ती रुचली नाहीत. त्यामागचं कारण मात्र दुर्लक्षिण्यासारखं नाही: त्यात द आणि ध दोघे ओळखू येतात, एकाच्या पोटात दुसरा शिरत नाही. तोटा असा, की पुस्तकाबाहेर वर्तमानपत्रात, दुकानाच्या पाटीवर मुलाला जुनंच रूप भेटतं आणि एका शब्दाची दोन चित्रं लक्षात ठेवावी लागतात.

असाच, पण फार मोठा, गदारोळ २०१९ च्या जूनमध्ये झाला. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं. विधानसभेत विनोद झाले, समाजमाध्यमांवर मराठीच्या नावाने गळे काढले गेले. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या, की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांनी अडणाऱ्या मुलांसाठी ही जास्तीची वाट आहे. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. ५३ लिहिताना आधी पाच येतो, म्हणताना आधी 'त्रे'. त्रेपन्न, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव ही रांग एकदा मोठ्याने वाचून पाहावी. २९ ला तर एकोणतीस, म्हणजे तिसातून एक वजा. पुढची दहाई कळल्याशिवाय आधीची संख्या म्हणता येत नाही. भाषेचं वैभव म्हणून हे सगळं मला प्रिय आहे. पण शब्द आणि अंक यांचा क्रम जुळवण्यातच ज्या मुलाची दमछाक होते, त्याला बेरीज करायची तेवढ्यासाठी दुसरी वाट दिली, तर त्या वैभवाला धक्का बसत नाही. त्या वादात अडखळणाऱ्या मुलाचा विचार किती जणांनी केला?

इथवर छापील किंवा पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराची गोष्ट झाली. डिस्लेक्सिया असलेल्या मोठ्या मुलांना आणि प्रौढांना मात्र सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते ऐकणं. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचनाची अडचण असलेल्या विद्यार्थ्यांचं आकलन त्यांनी सुधारतं, परिणाम माफक पण सकारात्मक, असा त्याचा निष्कर्ष आहे. मराठी वाचणारा आवाज आज साध्या अँड्रॉइड फोनमध्येही असतो. तो अडतो दुसऱ्याच ठिकाणी.

हातातली कुठलीही मराठी पीडीएफ उघडा, त्यातली एक ओळ निवडा, उचला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत चिकटवा. मराठी उमटली तर ठीक. चिन्हांचा आणि रोमन अक्षरांचा काला उमटला, तर ती पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टात बनलेली आहे. डोळ्यांना ती मराठी दिसते, यंत्राला ती निरर्थक आहे. काहीच निवडता आलं नाही, तर तो मजकूर नाही, मजकुराचं छायाचित्र आहे. मराठी छपाईने वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टांत काम केलं, अक्षरजुळणी करणाऱ्यांचे हात त्या कळफलकांवर बसले, आणि छापायचंच असेल तर बिघडत काहीच नव्हतं. त्याच फाइली आता जालावर चढतात. अशा पीडीएफमध्ये आकार वाढवला तरी ओळी नव्याने मोडत नाहीत, रंग बदलता येत नाही, आवाज तर नाहीच. शाळेची सूचना फोटो म्हणून पालकांच्या गटावर टाकली की तेच होतं. माझ्या मते मराठीतल्या सुगम्यतेचं निम्मं काम या एका गोष्टीत आहे: मजकूर खराखुरा मजकूर असावा, युनिकोडमध्ये, शीर्षकांना शीर्षक म्हणून खुणा केलेला. मग वाचक त्याला हवा तसा मोठा करेल, मोकळा करेल, ऐकेल. आपण त्याच्यासाठी आदर्श पान शोधत बसण्याची गरजच उरत नाही.

याला जोडून एक बारीकशी गोष्ट, जी करायला मिनिटही लागत नाही. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये भाषा कोणती याची खूण असते. मराठी संकेतस्थळ इंग्रजी साच्यावर बनवलं आणि ती खूण 'इंग्रजी' अशीच राहिली, तर वाचून दाखवणारं यंत्र इंग्रजी आवाज लावतं; तो मराठीवर गप्प बसतो किंवा काहीतरी भलतंच बोलतो. 'हिंदी' राहिली तर मराठी हिंदीच्या ढंगात ऐकू येते, आणि काही फॉन्टांत ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे उमटतात. पुस्तकात एक ल, पडद्यावर दुसरा. आवाजाच्याही मर्यादा आहेतच. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा, पण लिपी तो फरक दाखवत नाही. 'करतो' लिहायचं आणि 'कर्तो' म्हणायचं. 'इ.स.', 'क्र.', 'रु.' ही संक्षिप्त रूपं यंत्राला हमखास चकवतात. ती पूर्ण लिहिली तर डोळ्यांनाही बरं.

शब्द उमटत असतानाच ऐकू येणं याचा एक प्रयोग आपल्याच देशात बराच चालला. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत १९९६ पासून ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवण्याचं काम हाती घेतलं आणि पुढे ते दूरदर्शनपर्यंत गेलं. हेतू साक्षरतेचा होता, डिस्लेक्सियाचा नव्हे. पण गाणं पाठ असल्यावर ध्वनी आधीच डोक्यात असतो आणि डोळ्यांना फक्त त्याचं चिन्ह जुळवायचं उरतं, हे तत्त्व इथेही लागू आहे. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीसह अनेक भाषांत पातळीनुसार लावलेल्या गोष्टी मोफत आहेत, काही वाचता-ऐकता येण्याजोग्याही. लहान वाक्यं, मोठं अक्षर, पानावर मोजका मजकूर. अडचण एवढीच, की सहावीतल्या मुलाला दुसरीच्या पातळीची गोष्ट दिली तर त्याला ती बालिश वाटते. वयाने मोठ्या पण वाचनाने मागे असलेल्यांसाठी मराठीत क्रिकेट, भुतं, चोऱ्या, शोध यांची सोप्या वाक्यांतली पुस्तकं हवीत. लेखकांनी मनावर घ्यावं असं हे क्षेत्र आहे, आणि त्यात पैसा नसला तरी वाचक नक्की आहेत.

प्रवेशाचे, परीक्षांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज आता जालावरच भरावे लागतात. तिथे मजकुरापेक्षा जास्त छळते ती पडताळणी. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा बघून जसाच्या तसा उतरवा, हे काम डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला मुद्दाम अडवायचं असतं तर याहून चांगलं सुचलं नसतं. २०२३ मध्ये आलेल्या 'डब्ल्यूसीएजी' २.२ ने यावर बोट ठेवलं आहे: प्रवेश करताना पाठांतर, कोडं किंवा उतरवून काढणं हाच एकमेव मार्ग असू नये. आधी दिलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा टाइप करायला लावू नये, हेही तिथेच आहे. वेळ संपत आली तर किमान २० सेकंद आधी सूचना द्यावी आणि साध्या क्रियेने मुदत वाढवता यावी, हे तर २००८ पासूनच्या नियमांत आहे. तेव्हापासूनच असाही नियम आहे, की आपोआप सरकणारा मजकूर पाच सेकंदांहून जास्त चालत असेल तर थांबवायची सोय हवी. आपल्या सरकारी संकेतस्थळांवर 'नवीन' असं लुकलुकत डावीकडे पळणाऱ्या सूचनांची पट्टी ज्याने वाचायचा प्रयत्न केला असेल, त्याला या नियमाचं महत्त्व पटवायला नको. आधार क्रमांकाचे १२ अंक कार्डावर चार-चारच्या गटांत छापलेले असतात. अर्जातल्या चौकटीनेही तसेच घ्यावेत, एवढं केलं तरी चुका कमी होतील.

कायदा या बाबतीत बराच पुढे आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया वगैरे, २१ दिव्यांगतांमध्ये समाविष्ट झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम रद्द ठरवला. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं त्याच न्यायालयाने सांगितलं. प्रत्यक्षात मात्र सुगम्य संकेतस्थळ म्हणजे अंधांसाठीचं संकेतस्थळ, असाच अर्थ घेतला जातो. पानाच्या कोपऱ्यात 'अ+' आणि 'अ-' अशी बटणं ठेवली की झालं. अंधांसाठी केलेल्या कामाचा डिस्लेक्सिया असलेल्यांना मोठा फायदा होतो हे खरं. पण गुंतागुंतीची वाक्यं, गचाळ मांडणी आणि दर पानावर जागा बदलणारी यादी यांचा त्रास त्या बटणांनी हटत नाही.

महाराष्ट्राची वाट आणखी वेगळी पडली. १९९६ मध्ये राज्याने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना अधिकृत सवलती दिल्या. देशात याबाबतीत आपण आघाडीवर होतो. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही उभी राहिली. सवलती अशा: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, एका भाषेतून सूट आणि तिच्या जागी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित. हजारो मुलं यामुळे दहावीची पायरी ओलांडू शकली आणि त्याचं मोल कमी लेखू नये. तरीही या यादीतला बराचसा भाग परीक्षेच्या तीन तासांपुरता आहे. वर्षभर हातात असलेलं पुस्तक त्यात कुठेच नाही. भाषा जड जाते तर भाषा सोडून द्या, भूमिती जड जाते तर भूमिती सोडून द्या, असा तो मार्ग आहे, आणि दहावीत भूमिती सोडलेल्या मुलाला पुढे विज्ञानाची दारं अरुंद होतात. शिवाय सवलतीला प्रमाणपत्र लागतं. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ते आठव्या वर्षापासून द्यायचं आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करायची, असं ठरवलं होतं. त्यासाठी ठरावीक सरकारी रुग्णालयांच्या फेऱ्या. मुंबईतल्या पालकाला तेही जमतं. गडचिरोलीतल्या पालकाला आधी ही अडचण आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कानडी आणि इंग्रजीसाठी बनवलेल्या 'डाली' या चाचण्यांत शिक्षकांनी वर्गातच करायची प्राथमिक तपासणी आहे. पहिली-दुसरीसाठी एक, तिसरी ते पाचवीसाठी दुसरी. मराठी मुलाची अडचण मराठीत मोजायची, ही साधी गोष्ट तिथे झाली आहे. सोप्या मजकुराला, मोकळ्या पानाला, ऐकता येणाऱ्या धड्याला मात्र प्रमाणपत्र लागत नाही, आणि ज्या मुलांची तपासणी कधी होणारच नाही त्यांच्यापर्यंतही ते पोहोचतं.

धडे ऐकता येतील असे करायला परवानगी लागते का, असं शाळा विचारतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कलम ५२ नुसार, दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून एखादी कृती सुगम्य रूपात आणणं आणि ती त्या व्यक्तीला खासगी वापरासाठी किंवा शिक्षणासाठी देणं हा भंग ठरत नाही. नफा मात्र कमवायचा नाही. वाचनाची अडचण असलेल्यांनाही सामावून घेणाऱ्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता, आणि २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्या सर्वांसाठी चालू आहे. तिथे मराठी पुस्तक नसेल, तर वर्गशिक्षिकेने फोनवर धडा वाचून नोंदवला आणि मुलाला पाठवला तरी तो कायद्यात बसतो. वाचन सावकाश असावं, पान बदलताना पानाचा क्रमांक सांगावा, म्हणजे मुलाला पुस्तकात बोट ठेवून सोबत जाता येतं. आणि धडा संपला की थांबू नये. खालचा स्वाध्यायही वाचावा, प्रश्न प्रश्न करून. घरी मूल अडतं ते बहुधा तिथेच: धडा ऐकून कळलेला असतो, विचारलंय काय ते वाचता येत नाही.